सोलापुरात दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायचं कसं, आणि त्याआधी घरात काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत सांगते. मिस्टर ४१ वर्षांचे, अक्कलकोट रोडला यंत्रमागावर काम करतात, पंधरा-सोळा वर्षं पितात आणि गेली तीन वर्षं सकाळी उठल्या उठल्या लागते. दोनदा सोडली, एकदा श्रावणभर, एकदा पंढरपूरला जाऊन माळ घातली तेव्हा पाच महिने, दोन्ही वेळा परत सुरू झाली. आता कामावरच्या कुणीतरी त्यांना एएच्या, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांच्या ग्रुपच्या, मीटिंगचं सांगितलंय आणि ते स्वतः म्हणाले की एकदा जाऊन बघतो. तुम्ही विचारलंय की ही मीटिंग शोधायची कशी, पैसे किती लागतात, ओळखीचं कुणी भेटलं तर काय, आणि तुम्ही सोबत गेलात तर चालतं का.

मी गेली १९ वर्षं सोलापुरात व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते. मी स्वतः एएची मेंबर नाही, पण त्यांच्या ओपन, म्हणजे कुणालाही बसता येईल अशा, मीटिंगना बऱ्याचदा बसलेय आणि माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तिकडे पाठवते, त्यामुळे दारातून आत जाताना माणसाचं काय होतं ते जवळून बघितलंय.

पण मीटिंग शोधायच्या आधीचं एक. तुम्ही लिहिलंय की "या सोमवारपासून एकदम बंद करायला लावते". ताई, असं करू नका, प्लीज. सकाळी सकाळी ज्याला लागते, न मिळाल्यावर ज्याचे हात थरथरतात, घाम येतो, त्याच्या शरीराला दारूची सवय झालेली असते आणि ती एकदम तोडली तर जिवाला धोका असतो. शेवटचा पेग घेतल्यावर सहा-बारा तासांत थरथर, मळमळ, झोप न लागणं सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, कुणीतरी मारायला आलंय असं वाटतं, घरातलीच माणसं ओळखू येत नाहीत. आपल्याकडे याला लोक बाहेरची बाधा समजतात आणि उतारा टाकायला घेऊन जातात, त्यात जे तास जातात ते जीवघेणे ठरतात. अशा वेळी १०८ लावायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा.

म्हणून आधी डॉक्टर. सिव्हिल, म्हणजे आपलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, तिथं मानसोपचार विभाग आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा आणि मानसोपचारच्या ओपीडीत दाखवायचं. खासगी मानसोपचारतज्ज्ञही शहरात आहेत. डॉक्टरांना तीन गोष्टी खऱ्या सांगा: रोज किती पितात, शेवटची कधी घेतली, आणि आधी कधी फिट आली होती का. बायका बऱ्याचदा नवऱ्याला सांभाळून घेताना "थोडीशी घेतात" म्हणतात आणि डॉक्टर त्या थोडीशीच्या हिशोबाने गोळ्या देतात, मग तिसऱ्या दिवशी गडबड होते. थरथर आटोक्यात ठेवायला काही दिवस गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, आणि बी-१ म्हणजे थायमिन देतात. कारण रोज पिणाऱ्याचं जेवण सुटलेलं असतं आणि या व्हिटॅमिनची कमतरता मेंदूला कायमची इजा करू शकते. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका, दारूवर झोपेची गोळी पडली तर श्वास बंद पडू शकतो.

आणि ती "रुग्णाला न सांगता दारू सोडवा" अशी जाहिरात येते ना, चहात टाकायची पावडर, ती अजिबात नको. त्यात बऱ्याचदा काय आहे तेच माहिती नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, त्यावर दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली जातं, म्हणून ते डॉक्टर तपासण्या करून, माणसाला समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. लपून दिलेलं औषध आणि वरून प्यायलेली क्वार्टर, यातून माणूस आयसीयूत गेलेला मी बघितलाय. ज्या बाईने दिलं होतं ती बाहेर बाकावर बसून रडत होती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता मीटिंग शोधणं.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारूचा त्रास झालेल्या माणसांनी एकमेकांसाठी चालवलेला ग्रुप. ती संस्था नाही, दवाखाना नाही, क्लास नाही. याची सुरुवातच मुळी एका फोनवर झालीय, आणि तुमचं कामही फोनवरच होणार आहे म्हणून सांगते. १९३५ साली अमेरिकेत बिल नावाचा एक माणूस, काही महिन्यांपूर्वीच दारू सुटलेली, धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रन नावाच्या परक्या गावात आला होता, काम फसलं, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, एका बाजूला बारमधून हसण्याचे आवाज. त्याला कळलं की आता आत गेलो तर संपलं. मग त्याने लॉबीतल्या यादीतले चर्चचे नंबर लावायला सुरुवात केली आणि विचारत गेला की मला एखादा दारुडा भेटवून द्या, मला त्याच्याशी बोलायचंय. असं करत करत त्याची गाठ डॉक्टर बॉबशी पडली. हे डॉक्टर स्वतः पिणारे, बायकोच्या आग्रहाखातर पंधरा मिनिटं देतो म्हणाले आणि दोघं सहा तासांच्या वर बोलत बसले. त्याच वर्षी १० जूनला डॉ. बॉबने शेवटची दारू घेतली आणि तोच दिवस एएचा स्थापनादिवस धरतात. आजही आत तेच चालतं, एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलतो.

मी इथं मुद्दाम ठिकाण, वार, वेळ लिहीत नाही. ग्रुप कुणाच्या तरी शाळेच्या खोलीत, चर्चच्या हॉलमध्ये, एखाद्या सार्वजनिक वाचनालयात किंवा दवाखान्याच्या खोलीत भरतात, जागा मिळेल तशी, आणि जागा बदलतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका माणसाला कुणीतरी जुना पत्ता दिला, बिचारा विडी घरकुलवरून शेअर रिक्षाने आला, दाराला कुलूप, दहा मिनिटं उभा राहिला आणि तिथून सरळ परमिट रूममध्ये गेला. पुढचे आठ महिने मीटिंगचं नाव काढू दिलं नाही. तेव्हापासून माझा नियम असा की त्याच दिवशी फोन करून "आज मीटिंग आहे ना, कुठे, किती वाजता, दारात कोण असेल" हे विचारल्याशिवाय कुणालाही पाठवायचं नाही.

फोन कुठे करायचा? एए इंडियाची वेबसाइट आहे, त्यावर हेल्पलाइन नंबर आणि शहराप्रमाणे मीटिंगची माहिती मिळते. तो फोन उचलणारा माणूस पगारी नसतो, स्वतः मेंबर असतो, त्यामुळे कधी कामात असला तर उचलत नाही, परत लावा, संध्याकाळी लावा. दुसरा रस्ता, सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६, ही चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. तिसरा रस्ता मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, तो म्हणजे सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीतले सोशल वर्कर किंवा शहरातल्या एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशक. त्यांच्याकडे नुसते पत्ते नसतात, माणसं असतात. मी स्वतः कधी पत्त्याचा कागद देत नाही, समोरच फोन लावते आणि म्हणते, एक जण येतोय, चौकात घ्यायला याल का. आणि येतात हो. पावसात येतात, ड्युटी संपवून जेवायच्या आधी येतात, कारण त्यांच्यासाठीही कुणीतरी असंच आलेलं असतं.

व्यसनमुक्ती केंद्रांच्याही फॉलोअप मीटिंगा असतात, म्हणजे तिथं अ‍ॅडमिट होऊन गेलेले लोक ठरावीक दिवशी जमतात. पुण्याचं मुक्तांगण तुम्ही ऐकलं असेल, १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं, सोलापूरहून बरेच जण तिकडे अ‍ॅडमिट व्हायला जातात. अ‍ॅडमिट होणं काहींना लागतंच, विशेषतः घरी राहून सुटत नसेल तेव्हा. पण एक सांगते, केंद्रातले दिवस तुलनेने सोपे असतात, अवघड असतो तो दिवस जेव्हा माणूस इंटरसिटीतून सोलापूर स्टेशनला उतरतो आणि रिक्षा त्याच गल्लीत, त्याच दुकानासमोरून वळते. त्या दिवशी संध्याकाळी कुठं जायचं हे आधी ठरलेलं असायला पाहिजे, आणि मीटिंग त्याच्यासाठी आहे.

केंद्र निवडताना जपून. रात्री गाडी घेऊन येतो, चार माणसं आणतो, उचलून नेतो असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणाऱ्या मानसिक त्रासाचाही समावेश आहे आणि माणसाला भरती करण्याचे, त्याच्या हक्कांचे नियम आहेत. मारहाण करणारी, घरच्यांना भेटू न देणारी एक जागा मी जवळून बघितलीय, तिथून सुटलेला मुलगा दारू सोडायच्या नावानेच घाबरायला लागला होता, त्याला परत विश्वास यायला दीड वर्ष गेलं.

आत काय होतं ते सांगते, कारण तुमच्या मिस्टरांच्या डोक्यात काहीतरी भलतंच चित्र असणार, बहुतेकांच्या असतं. एक खोली, दहा-पंधरा खुर्च्या, कधी सतरंजी. कधी पाचच माणसं असतात. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही, हजेरी नाही. मध्येच एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात मेंबर लोक दहा-वीस रुपये टाकतात, चहा आणि खोलीच्या भाड्यासाठी, नवीन माणसाने नाही टाकले तरी कुणी बघत नाही. बाहेरून देणगी घेत नाहीत, हा त्यांचा नियमच आहे. मेंबर व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. सोडलेली असली पाहिजे असं नाही, इच्छा पाहिजे. हे मिस्टरांना नीट सांगा कारण अर्धे लोक यासाठीच थांबतात की "आधी आठ दिवस सोडतो, मग तोंड दाखवतो". मग ते आठ दिवस येतच नाहीत. घेतलेली असली तरी जाता येतं, फक्त त्या दिवशी बोलू नका, गप ऐका असं सांगतात. गोळ्या चालू असल्या तरी जायचं, आणि मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की "गोळ्या कशाला, सोडून दे" तर ते ऐकायचं नाही, तो त्या माणसाचा स्वतःचा विचार असतो, एएचा नियम नाही.

सुरुवातीला थोडा वेळ शांत बसतात, एक जण चेअरवर, म्हणजे मीटिंग चालवायला, असतो, तो एक पान वाचतो, मग एकेक जण बोलतो. "मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे" आणि मग स्वतःची गोष्ट. मध्ये कुणी बोलायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, सल्ला द्यायचा नाही. आपल्या लोकांना हे सगळ्यात विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे पिणाऱ्याला कीर्तनकारापासून किराणावाल्यापर्यंत सगळे सल्लाच देत असतात, "बायको-पोरांकडं बघ की बे जरा", आणि इथं कुणी काहीच सांगत नाही, नुसती स्वतःची सांगतात. एकाने सांगितलं की मुलीच्या दप्तरातले सहलीचे पैसे घेऊन मी क्वार्टर आणली होती. खोलीत कुणी हळहळलं नाही, कुणी मान वर केली नाही, फक्त कोपऱ्यात पहिल्यांदाच आलेला एक विणकर काका, जो तोवर पायाच्या अंगठ्याकडे बघत होता, त्याने मान वर केली. नंतर मला म्हणाला, मॅडम, मला वाटलं होतं हे एवढं घाण काम मी एकट्यानंच केलंय.

तासा-दीड तासाने उभं राहून शांतीची प्रार्थना म्हणतात आणि संपतं. देवाचा विषय निघतो, पण देव कुठला ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं. एकाच खोलीत मी माळकरी, मुस्लिम, ख्रिश्चन, बाबासाहेबांना मानणारे आणि काहीच न मानणारे असे शेजारी शेजारी बसलेले बघितलेत. भाषेचीही काळजी नको. आपल्याकडे माणूस मराठीत सुरू करतो, चिडला की तेलुगूत जातो आणि रडायला लागला की कन्नडमध्ये, आणि सगळ्यांना कळतं. वाचता येत नसेल तर वाचायला लावत नाहीत.

संपल्यावरचा चहा चुकवू नका असं मिस्टरांना सांगा. माझ्या मते अर्धं काम तिथं होतं. तिथं कुणीतरी नंबर देतो, म्हणतो "प्यायची इच्छा झाली की आधी मला फोन कर, पिऊन झाल्यावर नको". पुढे त्यातलाच एखादा जुना मेंबर स्पॉन्सर होतो, म्हणजे हात धरून एएच्या बारा पायऱ्या, दारूशिवाय जगायला शिकायचे बारा टप्पे, करून घेणारा. पण ते नंतरचं, पहिल्या दिवशी बारा पायऱ्यांचा तक्ता बघून घाबरायचं नाही.

पहिल्या मीटिंगवरून काही ठरवू नका. पहिल्या दिवशी माणूस फरक शोधत असतो, हा माझ्यापेक्षा जास्त पीत होता, याची बायको सोडून गेली माझी तर आहे, हा म्युनिसिपालिटीत होता मी कामगार. म्हणजे मी तसा नाही, असं घरी येऊन सांगतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला साम्य दिसायला लागतं. म्हणून मी सगळ्यांकडून सहा मीटिंगचं कबूल करून घेते, आवडो न आवडो सहा, त्यानंतर नाही जायचं तर नका जाऊ. आणि सगळ्यात जास्त लोक गळतात ते पहिलीनंतर नाही, दुसरीला जायच्या आधी. पहिलीला उत्सुकता असते, कुणीतरी सोबत असतं. दुसरीला एकट्याने निघायचं असतं, तेव्हा पाव्हणे येतात, डोकं दुखतं, पाळी बदलते. त्यामुळे दुसऱ्या मीटिंगची व्यवस्था पहिल्यापेक्षा जास्त पक्की करा, कोण घ्यायला येणार, किती वाजता, हे पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी ठरवून यायचं.

नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग करा असं जुने मेंबर सांगतात. मुंबईत ते जमतं, आपल्याकडे रोज एक मीटिंग मिळेलच असं नाही, आणि तुमच्या मिस्टरांची कधी दिवसपाळी कधी रातपाळी. मग मधल्या दिवशी फोन. ऑनलाइन मीटिंगाही होतात, मराठीतल्याही, मोबाइलवर कॅमेरा बंद ठेवून कारखान्याच्या मागच्या बाजूला बसून ऐकणारे आहेत. पण ऑनलाइनवर भागवू नका, खुर्चीत बसणं वेगळं आहे.

ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटेलच. सोलापूर केवढं, नवी पेठेत निघालं तर चार नमस्कार होतात. पण तो ओळखीचा तिथं कशासाठी बसलेला असेल? तोही पिणाराच. तिथं ऐकलेलं आणि बघितलेलं बाहेर न्यायचं नाही हा त्यांचा पाया आहे, नावातच अनामिक आहे, आडनावसुद्धा विचारत नाहीत. आणि ताई, थोडं कडू बोलते पण प्रेमाने, गल्लीला त्यांच्या पिण्याचं माहिती नाही असं तुम्हाला खरंच वाटतं का? त्यांना रात्री गटारीच्या कडेवरून उठवून आणणारी पोरं गल्लीतलीच होती, तुम्हीच लिहिलंय.

श्रावणाचं आणि माळेचं बोलते. मला त्यांच्या त्या दोन्ही प्रयत्नांबद्दल आदर आहे. श्रावण पाळणारा माणूस म्हणतो बघा, महिनाभर शिवली नाही, म्हणजे माझ्या ताब्यात आहे. पण गटारीला किती प्यायली आणि श्रावण संपल्यावर पहिल्या दिवशी किती, ते बघा म्हणजे ताबा कुणाचा ते कळेल. माळेचं तसं नाही. माळ घालून आयुष्यभर न प्यायलेली माणसं मी ओळखते, पण त्यांची गोष्ट नीट ऐकली तर त्यात नुसती माळ नसते, दर एकादशीला भेटणारी भजनी मंडळातली माणसं असतात, दिंडी असते, चुकला तर विचारणारा विणेकरी असतो. तुमच्या मिस्टरांनी माळ घातली आणि परत त्याच कट्ट्यावर एकटे येऊन बसले. पाच महिने एकट्याने काढले हेच खूप झालं. माळ मोडली म्हणून त्यांना पापी ठरवू नका, घरातलं कुणी टोमणा मारत असेल तर थांबवा. मीटिंग आणि माळ दोन्ही एकत्र चालतं, बरेच जण करतात.

दारू बंद झाली पाहिजे, दुकानं उठवा, असंही तुम्ही लिहिलंय. तुमचा राग कळतो. २०२१ मध्ये तेजस्वी सातपुते एसपी असताना सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन केलं, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टी गाळणाऱ्यांना दुसऱ्या कामधंद्याकडे वळवलं, ते मला फार मोलाचं वाटतं. पण ज्याला सकाळी लागतेच तो हातभट्टी नसेल तर देशी, देशी नसेल तर शिंदी शोधतो. तुमच्या घरातली लढाई दुकान उठायची वाट बघत थांबवू नका.

आता तुमचं. सोबत गेलं तर चालतं का? ओपन मीटिंग असेल तर घरचे, डॉक्टर, कुणीही बसू शकतं. क्लोज मीटिंगला फक्त पिण्याचा प्रॉब्लेम असलेलेच. फोनवर विचारून घ्या. पण माझं मत विचाराल तर पहिल्या दिवशी दारापर्यंत सोडा आणि परत या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे मेंबरलाच घ्यायला बोलवा. बायको शेजारी बसली असताना नवरा खरं बोलत नाही, आणि दोन वेळा मी बघितलंय की बायकोने तिथं ऐकलेलं घरी भांडणात काढलं, झालं, तो परत गेला नाही.

तुमच्यासाठी वेगळा ग्रुप असतो, अल-अ‍ॅनॉन, पिणाऱ्यांच्या घरच्यांचा. १९५१ मध्ये त्या बिलच्या बायकोने, लोइसने, मैत्रिणीबरोबर मिळून सुरू केलेला, कारण नवरे आत मीटिंगला आणि बायका बाहेर स्वयंपाकघरात चहा करत बसायच्या, आणि तिथं बोलता बोलता त्यांना कळलं की आजारी आपणही झालोय. मोठ्या मुलांसाठी अलाटीन असतं. सोलापुरात प्रत्यक्ष ग्रुप गाठता नाही आला तर फोनवर, ऑनलाइन जोडून घेतात, एएच्या त्याच लोकांना विचारा, त्यांच्या बायकांचे नंबर मिळतील. आणि हे ऐका, मिस्टर जावोत न जावोत, तुम्ही जा. तुम्ही लिहिलंय की दिवसभर विड्या वळता वळता कान दाराकडे असतो, बाटली शोधून मोरीत ओतता, कारखान्यात फोन करून "त्यांना ताप आहे" म्हणून सांगता, उधारी फेडता. हे सगळं प्रेमापोटी आहे, पण यामुळे त्यांना त्यांच्या पिण्याचा चटका बसतच नाही, तो तुम्ही झेलता. तापाचा फोन बंद करा, एवढं एक करून बघा. उद्या मालक विचारेल तेव्हा त्यांना स्वतः उत्तर द्यावं लागेल.

हात उचलतात असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. मी पुढे जाणार नाही. मार खाणं हा दारू सोडवण्याचा भाग नाही आणि मीटिंगने मार थांबेल या भरवशावर राहू नका. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. माहेरी किंवा शेजारी कुठं जायचं ते आधीच ठरवून ठेवा, कागदपत्रं आणि थोडे पैसे एका पिशवीत वेगळे ठेवा, चौदा वर्षांच्या मुलाला मध्ये पडू देऊ नका, त्याला शेजारी पळून जायला सांगा.

सुटल्यावरचे पहिले तीन महिने कसे काढायचे त्याचं थोडं. एएमध्ये सांगतात की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळेला माणूस घसरतो. तुमच्याकडे भूक सगळ्यात आधी धरा. पाळी सुटल्यावर रिकाम्या पोटी घरी येतानाचा रस्ता, तिथंच दुकान. खिशात गूळ-शेंगा किंवा गोड बिस्किटं ठेवायला सांगा, मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि पाळी सुटायच्या वेळी मुलगा किंवा मीटिंगमधला कुणीतरी गेटवर असू द्या. पगाराचा दिवस सगळ्यात वाईट, त्या दिवशी मीटिंग नसेल तर मेंबरला घरी जेवायला बोलवा. हळदी, वराती, मयतीनंतरची बैठक, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतली मित्रमंडळी, पहिल्या वर्षी यातलं जेवढं टाळता येईल तेवढं टाळा आणि जावंच लागलं तर लवकर जाऊन जेवून निघायचं. मावा-गुटखा एकाच वेळी सोडायला लावू नका असं लोक म्हणतात. मी तसं म्हणत नाही, तयारी असेल तर सोडू दे, पण त्यावरून भांडण करून त्यांना परत पेगकडे ढकलू नका.

आणि घसरले तर. बरेच जण घसरतात. तेव्हा "झालं, गेलं सगळं पाण्यात" असं म्हणू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मेंबरला फोन जाऊ दे. मीटिंगमध्ये घसरून परत आलेल्याला कुणी हाकलत नाही, पुढच्या खुर्चीवर बसवतात. फक्त पुन्हा रोजचं सुरू झालं असेल तर आधी डॉक्टर, वर सांगितलं तेच, एकदम बंद नाही.

तर उद्याचं असं करा. सकाळी लवकर, हात थरथरायच्या आधी नाही जमणार पण निदान दुसरी बाटली उघडायच्या आधी, सिव्हिलला चला म्हणा. केसपेपर, मानसोपचार ओपीडी, आणि डॉक्टरांचं झाल्यावर सोशल वर्करना भेटून म्हणा की यांना मीटिंगला जायचंय, कुणाला तरी फोन लावून द्या. फोनवर मिस्टरांनाच बोलू द्या, तुम्ही बोलू नका. आणि ज्या दिवशी ते पहिल्या मीटिंगहून घरी येतील त्या दिवशी काय झालं, कोण होतं, काय बोललात, असं काही विचारू नका, तोंडाचा वास घेऊ नका, भाकरी गरम करा आणि ताट वाढा.